ताईबाईंच्या पायऱ्यांवरची पट्टी

मित्रांनो, मी एक स्टीलची पट्टी आहे. भडगावात एका घराच्या उंच पायऱ्यांशेजारी भिंतीवर बसलेली. मला नवी म्हणावं, तर माझ्या पोटात जुनंच फार आहे. कुणाची चेपलेली दुधाची बरणी, दवाखान्यातला मोडका ट्रे, हॉटेलातले वाकलेले चमचे, अशी सगळी भंगारातली मंडळी भट्टीत वितळली आणि त्यातून मी झाले. आमच्यातलं काही वाया जात नाही याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

वितळताना आमच्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळतात. त्यामुळे आमच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी एक साय धरते. ओरखडा पडला, तरी हवा लागली की ती पुन्हा धरते. म्हणून पाण्यानं आम्ही सहसा गंजत नाही आणि आम्हाला रंगही लावावा लागत नाही. मग लालबुंद असतानाच मला रोलरांमधून दाबून काढलं, तेजाबात धुतलं, सरळ केलं, कापलं. जळगावच्या गोदामातून टेम्पोत बसून मी हितेंद्रभाऊंच्या वर्कशॉपमध्ये आले. माझ्या बहिणी भराभर कामाला लागल्या. एक केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात यंत्राची चौकट झाली, एक दवाखान्यातल्या पलंगाला लागली. मी मात्र भिंतीला टेकून धूळ खात होते.

एक दिवस प्रेमराज घराच्या पायऱ्यांशेजारी धरायला आधार बसवून घ्यायचा म्हणून आला. त्याची आई ताईबाई वर्षभरापूर्वी पायऱ्यांवरून पडली होती. हाड जुळलं, भीती काही गेली नाही. तेव्हापासून ती ओट्यावरून खाली उतरली नव्हती. गेल्या श्रावणात घरात बसवलेली कानबाई देवी सून सुलक्षणाच्या डोक्यावर बसून गिरणा नदीवर विसर्जनाला निघाली, तेव्हा ताईबाई ओट्यावरच हात जोडून उभी राहिली. वाजंत्री दूर गेली तशी आत जाऊन पडली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

हितेंद्रभाऊ माप घ्यायला गेले, पण टेप काढलीच नाही. म्हणाले, "अक्का, तोल गया तर हात कोठे जास, तठे ठेवा." ताईबाईनं भिंतीवर हात ठेवला, भाऊंनी तिथे खडूची खूण केली. प्रत्येक पायरीला तसंच. प्रेमराजला पाइप हवा होता, पण अक्कांची बोटं पुरती मिटत नाहीत हे भाऊंनी पाहिलं होतं. पट्टीवर अंगठा नीट बसतो, म्हणून माझा नंबर लागला. माझ्या कडा घासून त्यांनी गोल केल्या आणि खडूच्या खुणांवर मला बसवलं.

पहिले काही दिवस ताईबाईनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "मी काय मरी ऱ्हायनी का, भिंत धरी चालाले?" असं म्हणायची. मला फार वाईट वाटलं. मग एकदा कुणी पाहत नाही असं बघून तिनं अंगठा टेकवला. दुसऱ्या दिवशी एक पायरी उतरली. तिचा हात खरबरीत आणि ऊबदार होता. मला तो आवडू लागला.

श्रावण आला. कानबाई यायची म्हणजे खानदेशात घराचा कोपरा न् कोपरा धुऊन निघतो आणि भांडी घासून लख्ख होतात. ताईबाई पायरीवर बसून तारेच्या घासणीनं पितळेचे तांबे घासत होती. ते झाले, तशी ती माझ्याकडे वळली. घरची भांडी चकचकीत आणि ही तेवढी मळकी कशी राहील! लोखंडी तारेची घासणी घेऊन तिनं मला मायेनं खसाखसा घासलं. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे? तारेचे बारीक कण माझ्या अंगात रुतून बसले आणि श्रावणातल्या ओलीनं त्यांना गंज चढला. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी मी तांबड्या ठिपक्यांनी भरून गेले होते.

प्रेमराज खवळला. फोन करून त्यानं हितेंद्रभाऊंना बोलावून घेतलं. "भाऊ, हाई काय दिन्हं? लोखंड शे हाई! काढी टाका, माले नको."

भाऊंचा चेहरा पडला. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. पण मला भीती वाटत होती ती ताईबाईची. मी गेले, तर या वर्षीही ती ओट्यावरच राहणार होती.

तेवढ्यात ताईबाई दारात आली. "त्याले बोलू नको रे पोऱ्या. मीच घासं तिले. बठ्ठं घर घासं, तिले कशी सोडू?"

मग भाऊ हसले. "अक्का, चूक मन्ही शे. तारनी घासणी लावू नका, हे मी सांगंच नही." त्यांनी गाडीतून गंज काढायचं मलम आणून मला चोळलं, पाण्यानं धुतलं, मऊ फडक्यानं पुसलं. ठिपके गेले. प्रेमराज मान खाली घालून त्यांच्यासाठी चहा घेऊन आला.

सोमवारी सकाळी विसर्जनाची वाजंत्री लागली. सुलक्षणा कानबाई डोक्यावर घेऊन पुढे झाली. तिच्या मागून ताईबाईनं माझ्यावर अंगठा ठेवला आणि पायरी पायरीनं उतरली. "गल्लीना कोपरालगून जासू, बस," ती सुलक्षणाला म्हणाली. शेवटच्या पायरीला मी संपते. तिथे तिचा हात थांबला, मग सुटला.

मित्रांनो, आम्हाला मऊ फडक्यानं पुसा, तारेची घासणी लावू नका, एवढंच मागणं आहे. ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी विचारा.

ताईबाई कोपऱ्यावरून परत येईल म्हणून मी वाट पाहत होते. ती आली दुपारी. पायरी चढताना तिनं मला धरलं, तेव्हा तिचा हात ओला होता आणि बोटांना गिरणेची वाळू लागलेली होती.