तीन संकष्ट्या आणि ताईचं फुप्फुस

ताईचं उजवं फुप्फुस बसलं! हवा गेलेल्या फुग्यासारखं! माझी तेवीस वर्षांची इंद्रायणीताई, घरून रोज मोहालीला नोकरीला जाणारी, तीन जिने एका दमात चढणारी, बरगड्यांमध्ये नळी घालून चंदीगडच्या हॉस्पिटलात पडली होती. आणि मी, अकरावीतली बडबडी अक्षरा, चार दिवस गप्प. रेकॉर्डच.

पाचव्या दिवशी नळी निघाली. डॉक्टर हरलीन घरी सोडायचे कागद घेऊन आल्या. "पहले कभी ऐसा दर्द हुआ?"

"हां जी, हर संकष्टी को," आई म्हणाली. "तीन महिने से. व्रत, साबूदाना, गॅस..."

"साबुदाण्याने फुप्फुस बसतं होय!" एअर फोर्सवाले बाबा गुरगुरले.

मी मात्र हादरले. तिन्ही संकष्टींना आरती मी केली होती. मोदकांचं ताटही मीच ठेवलं होतं, कारण ताई 'बाजूला' होती. आमच्या घरी एवढंच म्हणतात, तेही बाबा खोलीत नसताना.

"डॉक्टर, व्रत नहीं, पीरियड्स!" मी जवळजवळ ओरडलेच.

आईने कचकन चिमटा काढला. "अगं, बाबा आहेत!"

"असू देत! तिन्ही वेळा पहिल्याच दिवशी. उजवा खांदाही दुखायचा. ताई, सांग ना!"

"हो," ताई पुटपुटली. "मला वाटलं, लॅपटॉपमुळे. पोट तर शाळेपासून दुखतंय. आई म्हणते, सगळ्यांचंच दुखतं."

डॉक्टरांनी कागद मिटले. मग त्यांनी समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर कधी कधी छातीतही वाढतो. पाळीच्या दिवसांत तोही गळतो, तिथे छिद्रं पडतात आणि फुप्फुस बसू शकतं, पुन्हा पुन्हा. एंडोमेट्रिओसिस. खात्री तपासण्यांनंतरच होणार होती, पण आज घरी जाणं रद्द. जे करायचं ते पुढच्या पाळीआधी ठरवायला हवं होतं.

छातीत? पोटाचं दुखणं छातीत पोचतं, आणि आम्ही ओवा देत बसलो?

बाबा उठले. मला वाटलं, आता बाहेर जातील. पण त्यांनी खुर्ची ताईच्या पलंगाशी ओढली, चष्मा लावला आणि फोनवर कॅलेंडर उघडलं.

"इंदू, पुढची तारीख कधी?"

आईने पदर तोंडाला लावला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि हळूच तारीख सांगितली.

बाबांनी बोटाने दिवस मोजले. दोनदा.

"चोवीस दिन," ते डॉक्टरांना म्हणाले. "काफी हैं ना?"