कायद्याचं अंथरूण

ऑस्बर्टने अंथरूण धरलं ते सुगीच्या आधी, आणि धरायला लावलं त्याच्या बायकोने. गडी ठणठणीत होता. सकाळी बैल जुंपून बांधाची माती ओढून आला होता, वाटाण्याची आमटी दोनदा मागून प्यायला होता. गुनिल्डाने भांडं उचललं आणि ती म्हणाली, "आता जोडे काढ, पट्टा सोड आणि आडवा हो."

"दिवसाढवळ्या?"

"दिवसाढवळ्याच. रात्री काय, कुणीही झोपतं."

भानगड जमिनीची होती. ऑस्बर्टच्या बापाने जन्मभर चर खणून दलदलीतून काढलेला तुकडा. गावात तसली काळीभोर माती दुसरीकडे नव्हती. शेजारचा हेमो म्हणायचा, ती दलदल माझ्या आजोबांची. असली भांडणं पूर्वी ओकच्या झाडाखाली मिटायची. पंचक्रोशीतली माणसं दर महिन्याला तिथे जमत, कोण खोटं बोलतंय ते सगळ्यांना आधीच ठाऊक असे, चार शिव्या दिल्या-घेतल्या जात आणि मग मंडळी बिअर प्यायला एकाच घरी शिरत. पण हेमो हट्टाला पेटला. पंचक्रोशी आपल्या बाजूने बोलेना म्हटल्यावर त्याने थेट राजाच्या न्यायालयाचं मोहरबंद फर्मान आणलं. तेव्हापासून जमीन इथे आणि न्याय लंडनला, अशी गत झाली.

राजाच्या कायद्यात एक गंमत होती. ज्याच्यावर दावा लागलाय तो अंथरुणाला खिळला, तर चार सरदार घरी येऊन बघत. आजार खरा वाटला तर खटला वर्ष आणि एक दिवस पुढे ढकलत. मात्र तोवर त्याने अंथरुणातच राहायचं. परवानगीवाचून पाय जमिनीला लावलेला कुणी पाहिला आणि तशी शपथ घेतली, की जमीन गेली. दुसरी गंमत अशी, की दावा लावणारा मेला तर दावाही त्याच्याबरोबर मरे. आणि हेमो म्हातारा, गेले दोन हिवाळे छाती फुटेस्तोवर खोकत होता.

"तू नुसता पडून राहा," गुनिल्डा म्हणाली. "उरलेलं त्याचा खोकला करेल."

हे बोलताना तिला लाज वाटली नाही. बाई वाईट नव्हती. तिने त्या मातीत सासऱ्याला मरताना पाहिलं होतं, गुडघाभर पाण्यात, हातात फावडं घेऊन.

सरदार आले तेव्हा ऑस्बर्टने शिळी वाम मासळी खाऊन तोंडाची पार रया घालवून घेतली होती. एकाने नाक धरून पांघरूण उचललं, उघडे पाय बघितले, कमरेला पट्टा नाही ते बघितलं, आणि मुदत मिळाली.

हे सगळं ऑस्बर्टच्या सहा वर्षांच्या मुलीने, अव्हिसने, कोपऱ्यातून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती लाकडी पळी तलवारीसारखी खांद्यावर टाकून दारात उभी राहिली.

"पट्टा बांधलाय का?"

"नाही, सरदार."

"जोडे घातलेत का?"

"नाही हो, सरदार."

"मग झोपा गुपचूप! मी सांगेन तेव्हाच उठायचं!"

रोज सकाळी हा खेळ. ऑस्बर्टचा दिवस तेवढ्यापुरता बरा जाई. बाकी वेळ तो छताच्या गवतात चिमण्या बघत पडे आणि बाहेर गुनिल्डा एकटीच कापणी उरकत असे. येणारे-जाणारे दारातून डोकावून विचारत, "काय ऑस्बर्ट, अंडी उबवतोयस का?" समोरच्या दगडी गडग्यावर हेमोचा पुतण्या थर्स्टन काठी तासत बसलेला असे. काकाने त्याला पहाऱ्याला बसवलं होतं. पोरगा तसा भला होता, पण भाकरी काकाची खात होता.

नाताळच्या तोंडावर अव्हिसला ताप भरला. तिला बापाच्या कुशीतच झोपवलं, कारण घरात ऊब तेवढीच. गुनिल्डाने विलोच्या झाडाची साल उकळून पाजली, पाद्रीबाबांना बोलावलं, देवाला नवस बोलली. पोर बघता बघता गेली. शेवटी शेवटी ती बापाला विचारत होती, "तुम्ही अजून झोपलेलेच आहात ना?" आणि तो म्हणत होता, "हो, सरदार."

पोरीचे डोळे मिटल्यावर ऑस्बर्टने तिच्यावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "आजारी आहे म्हणून मी मरणाला खोटंच कळवलं. ते बघायला आलं."

"असं बोलू नको."

"गाव काय म्हणतंय ते ऐक जा."

गाव तेच म्हणत होतं.

तिला मातीला न्यायची वेळ झाली तेव्हा तो उठून बसला. "मी जाणार तिच्याबरोबर."

गुनिल्डा दार अडवून उभी राहिली. गडग्यावर थर्स्टन होता. "जमीन जाईल, ऑस्बर्ट."

"जाऊ दे."

"मग इतके दिवस कशासाठी पडलास? मी एकटी कशासाठी राबले?" तिला रडू फुटत होतं आणि डोकंही चालत होतं, तिचं डोकं कधी थांबतच नसे. "थांब. माणसाने अंथरुणातून उतरायचं नाही, एवढंच कायदा म्हणतो. अंथरुणाने घराबाहेर पडायचं नाही, असं कुठे म्हटलंय?"

चौघा शेजाऱ्यांनी बाजलं उचललं, गवताच्या गादीसकट, माणसासकट. पुढे गुनिल्डा पोरीला हातांवर घेऊन चालली, कापडात गुंडाळलेली, एवढीशी. मागून चौघांच्या खांद्यावर ऑस्बर्ट. वाटेवरच्या एका परक्या माणसाने टोपी काढली ती ऑस्बर्टसाठी. थर्स्टनही गडग्यावरून उतरून मागोमाग आला.

बाजलं खड्ड्यापासून चार हातांवर टेकवलं. पाद्रीबाबांचं लॅटिन संपलं. गुनिल्डाने मातीचं ढेकूळ नवऱ्याच्या हातात दिलं. गारठ्याने दगड झालेलं ते ढेकूळ त्याने टाकलं, पण पडल्या जागेवरून ते खड्ड्यात पोचलं नाही. काठावर आपटून बाजूला गेलं.

तेव्हा त्याने पांघरूण सारलं आणि एक पाय खाली काढला.

तो उघडा पांढरा पाय जमिनीपासून वीतभर होता. गुनिल्डाने पाहिला आणि तिला फक्त काळी माती दिसली, सासरा दिसला, लंडन दिसलं. तिने दोन्ही हातांनी नवऱ्याच्या छातीवर ढकललं. इतक्या जोरात, की त्याचं डोकं लाकडावर आपटलं.

"झोपून राहा!" ती ओरडली. "झोपून राहा, मी सांगते!"

ऑस्बर्टने पाय आत घेतला आणि पांघरूण डोक्यावरून ओढलं. त्याच्या वाटणीची माती वुल्मर शेजाऱ्याने टाकली.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत हेमो खोकता खोकता मेला. चर्चची घंटा वाजली तशी गुनिल्डाने गोठ्यातच हातातली बादली खाली ठेवली. तिने इतके महिने जे मागितलं ते मिळालं होतं आणि आनंद म्हणून काही येईना. दुपारी थर्स्टन आला. टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काका गेले, वहिनी. दावा संपला. मी नवा लावणार नाही. ऑस्बर्टभाऊंना म्हणावं, उठा आता."

"देव तुझं भलं करो."

तो जायला वळला आणि थांबला. "एक सांगू? त्या दिवशी कबरीपाशी... भाऊंनी पाय काढला तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहिलो होतो. मुद्दाम. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही."

गुनिल्डाने आता त्याच्याकडे बघितलं.

"उतरू द्यायचं होतं त्यांना," तो म्हणाला. "मी काहीच पाहिलं नसतं."

तो गेला. आत ऑस्बर्ट डोळे उघडे ठेवून पडला होता. एवढ्याशा घरात त्याला अक्षरन्‌अक्षर ऐकू गेलं होतं. गुनिल्डाने खुंटीवरचा पट्टा काढला, जोड्यांवरची बुरशी झग्याच्या टोकाने पुसली आणि ती बाजल्यापाशी गुडघ्यांवर बसली. त्याची पोटरी तिच्या मुठीत मावत होती.

"ऊठ, ऑस्बर्ट. जमीन आपली झाली. नांगरट राहिलीय."

"उठता येत नाही. परवानगी लागते."

"कुणाची? दावाच मेला आता."

तो छताकडे बघत राहिला. मग तिला कळलं, आणि कळल्यावर आपण हे करू नये असं वाटत असतानाही ती उठली. चुलीजवळची लाकडी पळी घेतली, खांद्यावर टाकली, दारात जाऊन उभी राहिली.

"पट्टा बांधलाय का?"

ऑस्बर्टने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. कबरीपाशच्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"ती तू नव्हेस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आमटी करपत होती. गुनिल्डाने पळी भांड्यात घातली आणि ती ढवळत बसली.