चिठ्ठीवरचा २७४२७४

आमच्या प्रेसमागच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. सुजलेली पोटं, जुनाट खोकले, आणि सगळ्यांच्या मुठीत हॉस्पिटलची चिठ्ठी. मधोमध चिठ्ठीच्या नंबरावरून रोगाचं भाकीत करणारे आकडेमहाराज.

त्या चिठ्ठ्या मीच छापतो. एकच तीन आकडी नंबर दोनदा, मध्ये भोकांची रेघ. भरती होताना खिडकीवर अर्धा भाग फाडून घेतात.

महाराजांनी माझ्या वहिनींची चिठ्ठी उचलली. "२७४२७४! केवढा थोरला आकडा! साताने भाग, बाई."

वहिनींनी मोबाइलवर भागलं. बाकी शून्य. आलेल्या उत्तराला अकराने, मग तेराने. दोन्ही वेळा बाकी शून्य, आणि शेवटी उत्तर आलं त्यांचंच २७४.

"बाकी उरली नाही, रोगही उरणार नाही. चिठ्ठी फाडू देऊ नकोस. आकडा तुटला की तू तुटलीस!"

वहिनींच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन गुरुवारी होतं.

"भावजी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?" असं म्हणून त्या गुरुवारी घरीच बसल्या. दादाने हातापाया पडून पाहिलं, मी भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी सकाळी संतापून मी रद्दीतल्या खराब चिठ्ठ्या भागायला बसलो. पहिली, बाकी शून्य. दहावी, शून्य. विसावीही शून्य. मग आमच्या बाइंडरचा खण उघडला. चार महिने खोकून तो गेल्या महिन्यात गेला. खणात त्याची चिठ्ठी होती, ५१८५१८. अख्खी, न फाडलेली. म्हणजे तोही भरती झालाच नव्हता.

ती आणि रद्दीतली एक चिठ्ठी घेऊन मी तडक गोदामात शिरलो. वहिनीही तिथेच बसल्या होत्या. "महाराज, हा आकडा बघा."

त्यांनी भागून घेतला. "पूर्ण! शंभरी गाठणार हा!"

"आम्ही त्याला गेल्या महिन्यात पोचवून आलो."

महाराज खाकरले. "श्रद्धा कमी पडली असेल."

"मग ही घ्या, रद्दीतली. हिला तर माणूसच नाही. हिची श्रद्धा कुठून आणू?" तीही निःशेष भागली. मी लोकांकडे वळलो. "तीन आकडी संख्या दोनदा लिहिली, की ती एक हजार एकने गुणली जाते. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार करा, तोही एक हजार एकच. मग भाग जाणार नाही तर काय? नंबर मी यंत्रात बसवतो. त्याला तुमचं दुखणं कसं ठाऊक असेल?"

चौघंच उठली. बाकीच्यांनी चिठ्ठ्या आणखी घट्ट धरल्या. त्या चौघांत वहिनी होत्या.

"तारीख काल होती," हॉस्पिटलच्या खिडकीतली बाई म्हणाली. "आता तीन आठवडे थांबा." आणि भरतीची नवी नोंद करून तिने चिठ्ठी टर्रकन फाडली. वहिनी दचकल्या.

"भावजी, फार उशीर नाही ना झाला?"

मला सांगता येईना. ते डॉक्टर तपासूनच सांगू शकतो. म्हणून हात जोडून सांगतो, गाठ लागली तर आकडे भागत बसू नका, डॉक्टरकडे जा, आणि दिलेल्या तारखेला जा.