जूनमध्ये आम्ही निघू

एल्विराबाईंनी फळ्यावर तीन स्पॅनिश क्रियापदं लिहिली: सालिर, वेनिर, तेनेर. निघणं, येणं, जवळ असणं. एरवी गरीब दिसणारी ही तिघं भविष्यकाळात गेली की वाकड्यात शिरतात आणि मधेच एक 'द' घुसवतात. का, ते विचारायचं नाही, मुकाट्यानं पाठ करायचं. बाईंना हा धडा शिकवायला फार आवडायचा, पण यंदा भविष्यकाळ नको म्हणून त्यांनी तो दोनदा पुढे ढकलला होता.

फुएन्तेसेकाच्या शाळेत मुलं चार. त्यातलं एक जरी कमी झालं, तरी सरकार शाळेला कुलूप घालणार होतं. चारातली दोघं खिनेस आणि फुएन्सांताची. गावचा बार चालवायला हे जोडपं दूर मुर्सियाहून आलेलं. मुर्सियाची माणसं बोलघेवडी आणि फुएन्तेसेकाची मूग गिळून बसणारी. ते आले त्याच आठवड्यात सरपंच एउतिक्योंनी गावाला बजावलं, राहणार की जाणार हे त्यांना कुणीही विचारायचं नाही. आधीचं कुटुंब म्हणे या प्रश्नानंच भंडावून पळालं होतं. गावानं शब्द पाळला. दाराशी अंडी ठेवली, लाकडं फोडून दिली, पण चकार शब्द काढला नाही. बाईंनीसुद्धा नाही, काळजीनं जीव अर्धा झाला तरी.

मुलांनी एकेक वाक्य करायचं होतं. मेंढपाळाचा तोमास "मी येईन" एवढ्यावर सुटला. मग खिनेसची थोरली, कार्मेला, उठली आणि न अडखळता म्हणाली, "सालद्रेमोस. जूनमध्ये आम्ही या गावातून निघू."

'द' अगदी जागच्या जागी होता. बाईंना शाबासकी द्यायचंही सुचलं नाही.

"का गं?"

"बाबा म्हणतात, दोन हिवाळे काढले इथे. एकानं तरी विचारलं का, राहताय ना म्हणून? नको असलेल्या घरी किती दिवस बसायचं?"

जेवणाच्या सुटीत बाई तडक बारमध्ये गेल्या. सरपंच तिथे पत्ते कुटत बसले होते. बाई काय विचारणार हे ओळखून त्यांनी डोळे वटारले, पण बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"खिनेस, तुम्ही राहणार का? आम्हाला तुम्ही हवे आहात. शाळेसाठी तर हवेच, पण नुसतेही हवे आहात."

आणि सरपंचांचा हुकूमही त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकला. खिनेसचा ग्लास पुसणारा हात थांबला. फुएन्सांता ओल्या हातांनी तशीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"म्हणजे तुम्ही आम्हाला घाबरत होतात?"

"तुम्ही निघून जाल म्हणून," सरपंच पत्त्यांकडे बघत पुटपुटले.

"धन्य आहे तुमची! आम्ही खोकी भरून ठेवलीत हो वर. ब्लँकेटंसुद्धा भरली, आणि पोरं कोट घालून झोपतायत." ती हसायला लागली आणि हसता हसताच रडू लागली. "राहतो. पहिल्या महिन्यात विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं."

खिनेसनं नुसती मान हलवली. आपल्या गावी त्यानं एक बार बघून ठेवला होता, त्याच्या मालकाला आता नाही म्हणून कळवायचं होतं. बाईंना एवढं हलकं वाटलं की मिळेल त्या खुर्चीत त्या मटकन बसल्या.

खोकी सोडायला सगळे वर गेले, हातातला जिंकत आलेला डाव टाकून सरपंचही. एकदा बंदी उठली म्हटल्यावर गावाला कंठ फुटला. फुएन्सांताची आई भेटायला का येत नाही, भातात एवढी लसूण कशाला, खिनेस घोरतो का, एकामागून एक सगळं विचारून झालं. शेवटी एका खोक्यातून घडीचा पाळणा निघाला, तो हातात धरून सरपंच म्हणाले, "आता तिसऱ्याचं काय?"

जिना चढून आलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. झालं, आता पुन्हा खोकी भरणार ही.

फुएन्सांतानं पाळणा त्यांच्या हातातून घेतला आणि भिंतीशी नीट उभा केला. "सांगते की," ती म्हणाली. "सप्टेंबरात शाळा उघडली की विचारा."