कोमट दुधाचा आकडा

मित्रांनो, मी लॅक्टोमीटर. वयाने जुना, अंगाने काचेचा. बारीक मान आणि खाली छऱ्यांनी जड केलेला गोळा. दूध दाट असले की मी वर तरंगतो, पातळ असले की खोल जातो. मानेवरचा आकडा वाचून माणसे दुधाची पारख करतात. हे आकडे सत्तावीस अंश तापमानाला पक्के केलेले आहेत. म्हणून माझ्या जोडीला थर्मामीटर लागतोच.

केज तालुक्यातल्या एका गावच्या सहकारी दूध संस्थेत मी अकरा वर्षे आहे. जालिंदर दूध तपासतो, राधाकिशन माप घेऊन वही लिहितो. दोघांच्या टेबलांत दोन हातांचे अंतर. जालिंदर ओले हात राधाकिशनच्या टॉवेलला पुसायचा. राधाकिशन लिहिताना सतत नाकातून भजन गुणगुणायचा, त्यामुळे जालिंदरला आकडा दोनदा ओरडून सांगावा लागायचा. दोघेही आपली तक्रार तिसऱ्याला सांगत. एकमेकांना का सांगत नाहीत, याचे मला मोठे कुतूहल वाटे.

एकदा जालिंदरने थर्मामीटरने दूध ढवळले आणि तो फुटला. नवा आला, तो राधाकिशनने आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. जालिंदरने मागितला तर द्यायचा, असे राधाकिशनने ठरवले. राधाकिशनने आपणहून दिला तर घ्यायचा, असे जालिंदरने. पाच महिने गेले. जालिंदर भांडे हाताने वरवर चाचपून तापमानाचा अंदाज घेऊ लागला.

त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर दोन दिवसांआड येई. गावातली जनावरे दोन कोसांवरच्या चारा छावणीत होती. तिथले दूध माघातल्या गार सकाळी इथे पोचेपर्यंत निवायचे. दगडाबाईंची गाय मात्र लंगडी. ती छावणीपर्यंत चालू शकली नाही, म्हणून घरीच राहिली, संस्थेच्या भिंतीपलीकडे. तिचे दूध धार काढल्या काढल्या माझ्यापुढे येई. कोमट दूध पातळ भासते. मी खोल जाई. अठ्ठावीसच्या खाली आकडा गेला की वहीत पाण्याची लाल खूण, आणि तीन खुणा झाल्या की सभासदत्व रद्द. दगडाबाईंच्या नावापुढे दोन झाल्या होत्या.

तिसऱ्या वेळी मी पुन्हा सव्वीसवर थांबलो. रांगेतून विमलबाई म्हणाल्या, "दगडाबाईचा टँकर येगळाच येतो वाटतं." सगळे हसले. जालिंदरने लाल पेन्सिल उचलली.

"प्यायला दोन घागरी मिळतात," दगडाबाई म्हणाल्या. "त्यातलं दुधात घालीन व्हय रं?"

"लॅक्टोमीटर खोटं बोलत न्हाई, मावशी."

खरे होते. मी खोटे बोलत नव्हतो. पण मला अर्धेच विचारले होते.

दगडाबाई पायरीवर बसल्या. "मग म्या हितून हलत न्हाई. दूध तुझ्यापुढंच राहू दे. समद्यांचं झाल्यावर परत मोज."

राधाकिशनचे गुणगुणणे थांबले. कुलपाचा आवाज आला. त्याने थर्मामीटर दगडाबाईंच्या दुधात धरला. सदतीस अंश. मग त्याने तो जालिंदरच्या हातात दिला. दूध पसरट पातेल्यात ओतून दोघे थांबले. तासाभराने थर्मामीटर सत्तावीसवर आला, आणि मी साडेअठ्ठावीसवर.

"मला ठाऊक व्हतं, कोमट दुधात आकडा पडतो," राधाकिशन खाली बघत म्हणाला.

"अन् मी मागितला न्हाई," जालिंदर म्हणाला. त्याने वहीतल्या दोन्ही लाल खुणा खोडल्या.

दगडाबाई उठल्या. "माझं नाव लायनीत घालवलंस. आता लायनीतच सांग."

दुसऱ्या सकाळी रांग भरल्यावर जालिंदर उभा राहिला. "मावशीच्या दुधात पाणी नव्हतं, मोजताना मी चुकलो," असे त्याने सांगितले. राधाकिशन वहीतून मान वर करून म्हणाला, "मी न्हाई, आमी चुकलो म्हण." विमलबाईंनी पुढे होऊन दगडाबाईंची किटली उचलून टेबलावर ठेवली.

मित्रांनो, मला धुऊन, पुसून ठेवा. पण माझा आकडा वाचण्याआधी दूध किती कोमट आहे तेही बघा. त्यासाठी लागणारी वस्तू शेजारच्या टेबलात असेल, तर मागून घ्या. आपल्या रुसव्यात रांगेतल्या कुणाचे तरी नाव जात असते.