सुनेचा नंबर

विजापूर रोडवरच्या शोरूममध्ये नागनाथ एकोणीस वर्षं गाड्या विकत होता. चैतालीला येऊन चौदा महिने झाले होते आणि गेले पाच महिने भिंतीवरच्या फळ्यावर तिचंच नाव सगळ्यांत वर होतं. नागनाथ रोज सकाळी त्या फळ्याकडे न बघता आत जायचं ठरवायचा आणि रोज बघायचा.

या महिन्यात मात्र दोघांच्या विकलेल्या गाड्यांचा आकडा सारखा झाला होता, आणि त्याच्याकडे सांगोल्याचे धुळाप्पा होते. डाळिंबाची बाग, शंभरेक मेंढरं. तीनदा त्यांच्या घरी जाऊन नागनाथने गाडीचा रंगसुद्धा ठरवला होता. हे सगळं त्याच्या डायरीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये एका माणसासाठी बावीस रकाने भरायचा त्याला कंटाळा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी धुळाप्पा सून रुपालीला घेऊन बुकिंगला आले. नागनाथने त्यांना दारातच गाठून आपल्या टेबलाशी बसवलं आणि नंबर विचारला. त्यांच्या घरात गॅस, बँक, खताचं दुकान, सगळीकडे सुनेचाच नंबर असे. रानात धुळाप्पांना फोन ऐकू येत नसे. तो नंबर टाकताच पडद्यावर लाल पट्टी आली: हा ग्राहक चैताली यांच्याकडे नोंदलेला आहे.

सॉफ्टवेअरला माणूस कळत नाही, नंबर कळतो. रुपालीने मोबाइलवर कधीतरी चौकशी केली असणार आणि ती आपोआप चैतालीकडे गेली असणार. उन्हातान्हात सांगोल्याला कोण गेलं? पंख्याखाली बसून फोन कोणी केले? समोर चैताली कोणाशी तरी फोनवर हसत होती. ते हसणंही आपल्यालाच आहे असं त्याला वाटलं.

मग एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. नंबरातला शेवटचा पाच खोडून सहा टाकला. लाल पट्टी गेली. नवीन ग्राहक, विक्रेता नागनाथ. त्याला इतकं बरं वाटलं की खालची ओळ त्याने उशिरा वाचली: ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

ओटीपी आला नाही. पुन्हा पाठवला, तरी आला नाही. रुपाली उठून टेबलाच्या अलीकडे आली आणि पडदा वाचू लागली.

"शेवटला पाच हाय. तुमी सहा टाकलाय की."

चुकून झालं, असं म्हणत नागनाथने आकडा बदलला. लाल पट्टी परत आली. रुपालीने तीही वाचली.

"व्हय, ह्याच त्या चैतालीताई. आठ दिस झालं फोनवर बोलतोय आमी."

नागनाथने धुळाप्पांकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगता?" ते म्हणाले. "चालवनार ती हाय. मला मेंढरं वळायला गाडी लागत न्हाय."

मी तीनदा आलो होतो, नागनाथ हळूच म्हणाला.

"आला की," रुपाली म्हणाली. "तिन्ही डाव च्या मीच दिला. गाडी कोन चालवनार, तुमी इचारलंच न्हाय. ताईनी पयलं त्येच इचारलं."

आपलं नाव ऐकून चैताली उठून आली. बुकिंगआधी एक चक्कर मारून बघू, म्हणाली. नागनाथकाका, तुम्हीपण चला.

धुळाप्पांशेजारी मागच्या सीटवर नागनाथ बसला. पुढे चैतालीने रुपालीची सीट उंच करून दिली आणि आरसा वळवला. ही सीट वर होते हे नागनाथने सांगोल्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. फाटकाबाहेर पडताना गाडी बंद पडावी, असं त्याच्या मनात आलं. ती पडलीही. दोघी हसल्या, रुपालीने पुन्हा चावी फिरवली, आणि गाडी रस्त्याला लागली.