न मागितलेली काढणी

अमेरिकेत आयोवातल्या एका गावात आरविड ट्वाइटला एकाच गोष्टीची फुशारकी होती: आपल्यावर कुणाचे उपकार नाहीत. बायको गेली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवणाची भांडी आणून दिली, तर या पठ्ठ्याने ती त्याच संध्याकाळी घासूनपुसून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवली. आत ये म्हटलं, की म्हणायचा, "नको, गाडी चालू आहे." हळूहळू लोकांनी बोलावणं सोडलं. घर त्याला खायला उठायचं, पण हे कबूल कोण करणार?

त्या शनिवारी त्याचं हार्वेस्टर बंद पडलेलं, मका वाळून उभा आणि रविवारपासून पावसाचा अंदाज. धुकं तर असं, की समोरचं माणूस दिसू नये. तरी तो पहाटेच शहराकडे सुटा भाग आणायला गेला. दुपारी परतला आणि फाटकाशीच त्याने करकचून ब्रेक दाबला.

शेतातला मका गायब! जमिनीवर नुसती धसकटं. पत्र्याची कणगी काठोकाठ भरलेली, अंगणात हार्वेस्टरांची रांग आणि त्याच्याच शेडमध्ये टेबलं मांडून अर्धं गाव जेवत बसलेलं.

"कुणाला विचारून?" आरविड गरजला.

चर्चच्या स्वयंपाकघरावर जिचं राज्य चालायचं ती मार्लिस हातात डाव घेऊन पुढे आली. "आरविड! तू इथे कसा?"

"मी इथे राहतो!"

मग उलगडा झाला. शेजारचा कर्टिस शिडीवरून पडून पाय मोडून बसला होता. त्याचा मका सगळ्यांनी मिळून काढायचा, असं गुपचूप ठरलं होतं. आरविडला कुणी सांगितलंच नव्हतं. जो काही मागत नाही, त्याच्याकडे मागायचं तरी कसं? धुक्यात सगळ्यांत पुढे लाइलचं हार्वेस्टर होतं. तो एक फाटक आधीच वळला आणि बाकीचे त्याच्या तांबड्या दिव्यांमागे निमूट आत शिरले.

"मला पहिल्याच ओळीला शंका आली होती," लाइल म्हणाला. "पण मागून एवढे जण आले. म्हटलं, यांना माहीत असेल."

"मी तर तुझा कुत्रासुद्धा ओळखला," मार्लिस म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत लाइलला खोटं पाडू? किती उत्साहाने काढत होता बिचारा!"

पाद्रीबुवा खाकरले. "मी फाटकावरची तुझ्या नावाची पाटी वाचली होती. म्हटलं, कर्टिसने शेत विकलं असेल."

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं, मग सगळी शेड. आरविडने चेहरा आंबट ठेवायची पराकाष्ठा केली, पण हसू नाकातून फुटलंच. हसताहसता त्याची नजर कुंपणापलीकडे गेली. कर्टिसचा मका तसाच डोलत उभा.

"दात काय काढताय? उद्या पाऊस आहे!" तो ओरडला. हातातला सुटा भाग त्याने वर धरला आणि जरा अडखळला. "हा बसवायला... कुणी मदत करेल का?"

एवढे हात एकदम धावले, की मशीनपर्यंत कुणालाच पोचता येईना.

"आता मी पुढे," मशीन सुरू झाल्यावर तो म्हणाला. "चुकलो तर बोला रे!"

झालं! अंगणातून निघाल्यापासून मागची सगळी वरात भोंगे वाजवत ओरडत होती, "चुकलास! चुकलास!" ओसरीत प्लास्टरमधला पाय पसरून बसलेल्या कर्टिसने ही मिरवणूक पाहिली आणि तोही ओरडला, "आरविड, अरे तुझं शेत तिकडे!"

दिवस मावळायच्या आत कर्टिसचा मका कणगीत पडला.

घरी आल्यावर आरविडला ओट्यावर एक काचेचं भांडं दिसलं, बुडाला मार्लिसच्या नावाची चिकटपट्टी. त्याने ते घासलं, पुसलं, सवयीने गाडीची किल्ली उचलली. मग ती परत खुंटीला अडकवली आणि फोन फिरवला.

"तुझं भांडं इथे राहिलंय."

"मग ठेव की आणून दारात. नेहमीसारखं."

"नाही. तू न्यायला ये. मी कॉफी टाकतोय." त्याने किटली चढवली. "आणि हे बघ, गाडी बंद करून ये."